लग्नातली दोनशे मिलीची बाटली: वधूपित्यांना, कार्यालयवाल्यांना आणि केटरर्सना खुले पत्र

प्रति,
जिल्ह्यातील सर्व मंगल कार्यालयांचे व लॉन्सचे मालक, केटरर्स मंडळी, आणि यंदा ज्यांच्या घरी कार्य आहे असे सगळे वधूपिते व वरपिते

सप्रेम नमस्कार,

आधी माझा स्वार्थ सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी उकरून काढायला नको. माझं मंडप-बिछायतीचं दुकान आहे, लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी. वडिलांनी चार सतरंज्या आणि दोन कढयांवर सुरू केलेलं. आज गोडाऊनमध्ये खुर्च्या आहेत, पातेली आहेत, पाण्याची पिंपं आहेत आणि स्टीलचे बाराशे ग्लास आहेत. घरचं एक कार्य सोडलं तर हे ग्लास कित्येक वर्षं पोत्यांतच बांधून पडले होते. तुम्ही लग्नात पाण्याच्या बाटल्या वाटणं बंद केलंत तर त्यांचं भाडं मला मिळेल. एवढं कबूल केल्यावर आता पुढचं ऐकून घ्या.

आमच्या धंद्यात एक वही असते. डाव्या बाजूला 'गेले', उजव्या बाजूला 'आले'. हजार ग्लास गेले तर नऊशे ऐंशी यायचे. दहा-वीस ग्लास वऱ्हाडाबरोबर परगावी जाणार, हे आम्ही धरूनच चालायचो. एकदा परभणीकडे एका सोयऱ्यांच्या घरी जेवायला बसलो, तर हातात आलेल्या ग्लासावर माझ्या वडिलांचं नाव कोरलेलं. पाणी प्यालो, काही बोललो नाही. आता त्या वहीत ग्लासांच्या रकान्यात नुसत्या आडव्या रेघा आहेत. काही गेलं नाही, काही आलं नाही, हरवलंही नाही.

रेघा सुरू झाल्या 2016 च्या उन्हाळ्यात. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. लातुरात पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, मिळून पाच लाख लिटर. स्टेशनवर लोक ती गाडी बघायला गेले होते, जशी पूर्वी पूर बघायला जायचे. त्या वर्षी लग्नघरी ग्लास धुवायला पाणी मागायचं म्हणजे तोंड वर होत नव्हतं. मी स्वतः दोन-तीन यजमानांना सांगितलं, "ग्लास नेऊ नका, बाटल्या आणा." तेव्हा ते बरोबरच होतं. पुढे पाऊस झाला, धरण भरलं, रेल्वे बंद झाली. बाटली मात्र पाव्हण्यासारखी आली आणि घरजावयासारखी राहिली.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट सांगतो. कार्यालय कुठलं ते सांगत नाही, कारण सगळीकडे हेच आहे. दुपारचे चार वाजले होते, शेवटची पंगत उठली होती, मी माझी पातेली मोजून घ्यायला मागच्या अंगणात गेलो. तिथे दोन बायका उकिडव्या बसल्या होत्या. पुढे बाटल्यांचा ढीग. एक एक बाटली उचलायची, टोपण फिरवायचं, उरलेलं पाणी नालीत ओतायचं, बाटली पोत्यात टाकायची. काही बाटल्यांतून दोन घोट गेलेले, काहींचं तर सीलच तुटलेलं नव्हतं.

मी म्हणालो, "मावशी, पाणी कशाला फेकता?"

"भाऊ, भरलेली बाटली भंगारवाला घेत नाही. वजनात पाणी धरता म्हणतो आम्हाला."

त्याच वेळी कार्यालयाच्या पुढच्या दारात टँकर रिकामा होत होता. हौदात सोडलेल्या पाईपचा आवाज आणि इकडे बाटल्यांतून गळणाऱ्या पाण्याचा आवाज, दोन्ही एकदम कानावर येत होते. मला राहवलं नाही. एक बादली मागून घेतली, पंधरा लिटरची, आणि त्या दोघींना म्हटलं, आता मोजून तीनशे बाटल्या हिच्यात ओता. दीड बादली भरली. तीनशे बाटल्यांत मुळात साठ लिटर पाणी. म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त पाणी विकत आणून, सील फोडून, नालीत.

आता पैशाचं बोलू. हा हिशेब आमच्या भागातल्या भावाचा आहे, तुमच्याकडे दोन रुपये इकडे-तिकडे होतील. हजार माणसांचं लग्न धरा. एक माणूस एक बाटली घेतो असं समजू नका. जेवायला बसताना एक, उठल्यावर एक, पोराच्या हातात खेळायला एक. दोन हजार बाटल्या लागतात. चोवीस बाटल्यांचा बॉक्स 110 रुपयांना, असे 84 बॉक्स. झाले 9,240 रुपये. त्यात पाणी किती? चारशे लिटर. माझ्या गोडाऊनमधली दोन पिंपं. दोन पिंपं पाण्याला नऊ हजार! लिटरला जवळपास 23 रुपये पडले. गाईच्या दुधाला आपल्या शेतकऱ्याला गेल्या काही वर्षांत लिटरमागे पंचवीस ते पस्तीस रुपये मिळालेत, आणि त्यासाठी वैरण, पेंड, पहाटेची धार आणि डेअरीच्या रांगेतलं उभं राहणं आलं. वीस लिटरचा जार तीस रुपयांना मिळतो, म्हणजे लिटरला दीड रुपया. टँकरचं पाणी लिटरला पैशांत. मुंबईत महापालिकेच्या नळाच्या पाण्याचा घरगुती मूळ दर हजार लिटरला दहा रुपयांच्याही आत आहे.

मग त्या 23 रुपयांत आपण काय विकत घेतो? बाटली, टोपण, लेबल, बॉक्सवरचा ताणलेला प्लास्टिकचा कागद, आणि कारखान्यापासून कार्यालयापर्यंतचं डिझेल. पाणी त्यात असंच आलेलं असतं.

बाटलीही तोलून बघितली. शेजारच्या किराणा दुकानाच्या काट्यावर दहा रिकाम्या बाटल्या टोपणासकट ठेवल्या, नव्वद ग्रॅम भरल्या. म्हणजे एका लग्नात अठरा किलो प्लास्टिक. भंगारवाला वीस रुपये किलोनं घेतो. सकाळी नऊ हजारांचा असलेला माल संध्याकाळी साडेतीनशेचा होतो. सोन्याच्या घडणावळीत पाच टक्के जास्त कापले तर सराफाशी भांडणारे आपण लोक!

लग्नातलं पाणी यजमान चार वेळा विकत घेतो, हे कुणी जोडूनच बघत नाही. एकदा टँकरचं, हात-पाय धुवायला आणि स्वयंपाकाला. एकदा जारचं, आचाऱ्याला आणि मंडपवाल्या पोरांना प्यायला. एकदा बाटलीचं, पाव्हण्यांना. आणि चौथ्यांदा कार्यालयाच्या बिलात 'सफाई' म्हणून जी रक्कम असते ती. पहिल्या तिन्ही पाण्यांचा उगम बहुतेक वेळा एकच असतो: गावाबाहेरचा कुणाचा तरी बोअर. बोअरवाल्याशी माझं वैर नाही, त्याचं पोट आहे. पण त्याच्या शेजारच्या शेतातला बोअर मार्चमध्ये का आटतो, हे त्याला विचारायची सोय राहिलेली नाही.

आता "बाटलीचं पाणी शुद्ध असतं हो" याबद्दल. आपण सगळे त्याला 'मिनरल' म्हणतो. जरा चष्मा लावून लेबल वाचा. त्यावर 'पॅकेज्ड ड्रिंकिंग वॉटर' लिहिलेलं असतं आणि आयएसआयचा शिक्का असला तर त्याच्याशी 14543 हा आकडा असतो. खरं नैसर्गिक मिनरल वॉटर वेगळं, त्याचा आकडा 13428, आणि ते आपल्या पंगतीत येत नाही. आपल्याकडे येतं ते साधं पाणी, आरओ मशिनीतून काढलेलं. त्यातली खनिजं आधी काढून टाकतात, आणि आपण नाव ठेवतो मिनरल.

शुद्धतेची गोष्ट जुनी आहे. 2003 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेनं दिल्ली-मुंबईच्या बाजारातलं बाटलीचं पाणी तपासलं, त्यात शेतातल्या फवारणीची कीटकनाशकं सापडली. गदारोळ झाला, मानकं कडक झाली, ते चांगलंच झालं. मग प्लास्टिकचे कण. 2018 मध्ये नऊ देशांतल्या अकरा ब्रँडच्या 259 बाटल्या अमेरिकेतल्या एका विद्यापीठानं तपासल्या. शंभरातल्या त्र्याण्णव बाटल्यांत सूक्ष्म प्लास्टिक निघालं. जानेवारी 2024 मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या लोकांनी आणखी बारीक नजरेनं पाहिलं, तर लिटरमागे सरासरी दोन लाख चाळीस हजार कण मोजले गेले. त्यातले बहुतेक इतके बारीक, की रक्तात उतरू शकतील. त्या कणांनी माणसाला नेमकं काय होतं याचा शोध अजून चालू आहे, उगाच भीती घालायची नाही. पण "शुद्ध" म्हणून चढ्या भावानं घेतलेल्या वस्तूबद्दल एवढं तरी माहीत असावं. 2024 च्या शेवटी आपल्या देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं बाटलीबंद पाणी जास्त जोखमीच्या अन्नपदार्थांच्या यादीत घातलं. त्याचा अर्थ ते विषारी आहे असा नाही. दूध-मांसासारखी त्याच्या कारखान्यांची दरवर्षी तपासणी व्हावी असा आहे.

लेबलवर आणखी दोन गोष्टी छापलेल्या असतात. एक, थेट उन्हापासून दूर ठेवा. दुसरी, वापर झाल्यावर बाटली चुरगाळा. आता मे महिन्यात टेम्पोतून उतरलेले बॉक्स कुठे रचतात ते तुम्हीच आठवा. कंपाउंडच्या भिंतीला लागून, उन्हात, सकाळी आठपासून. पत्र्याला हात लावला तर चटका बसतो अशा जागी. मग दुपारी बर्फाच्या टाकीत बुडवून 'थंड' म्हणून हातात. तो बर्फ कशाच्या पाण्याचा, हे मी विचारत नाही, तुम्हीही विचारू नका. बाटली चुरगाळणारा माणूस तर मी अजून पाहिला नाही.

कुणी म्हणेल, बाटल्या भंगारात जातात, पुन्हा वापरल्या जातात, मग ओरड कशाची? यात तथ्य आहे. रस्त्यावरच्या सगळ्या प्लास्टिकमध्ये पाण्याची बाटलीच सगळ्यात जास्त उचलली जाते, आणि ती उचलणाऱ्या बायकांचे आपण सगळे देणेकरी आहोत. पण त्या बाटलीची पुन्हा बाटली फार थोड्या वेळा होते. बहुतेक वेळा तिचा धागा होतो, उशीत भरायचा नाहीतर टी-शर्टचा. टी-शर्ट फाटला की पुढे काही नाही, उकिरडा. आणि बॉक्सवरचा तो ताणलेला कागद, त्याला भंगारात भावच नाही. तो रात्री कार्यालयामागे पेटवला जातो. त्याचा वास तुम्हाला ठाऊक आहे. सकाळी मांडव सोडायला गेलेल्या माझ्या पोरांना तर रोजचाच ठाऊक आहे.

सरकारनं काही केलं नाही असंही नाही. 23 मार्च 2018 च्या राज्याच्या प्लास्टिकबंदीच्या मूळ अधिसूचनेत अर्ध्या लिटरहून लहान बाटलीला जागाच नव्हती, आणि मोठ्या बाटलीवर परताव्याची किंमत छापायची होती. नंतर सवलती निघाल्या, आणि दोनशे मिलीची बाटली आज वरातीत पुढे आहे. 2016 च्या घनकचरा नियमांतही परवाना नसलेल्या जागी शंभराहून जास्त माणसं जमवणाऱ्यानं कचरा जागेवरच वेगळा करायचा असं होतं. आपल्याकडच्या लग्नाला शंभर माणसं तर फक्त हळदीला असतात. सप्टेंबर 2025 मध्ये बाटलीच्या पाण्यावरचा जीएसटी अठरा टक्क्यांवरून पाचवर आला. प्रवासातल्या तहानलेल्या माणसाला ते बरंच झालं. पण लग्नाच्या बॉक्सला कर कमी करून आपण कुणाचं भलं केलं, मला कळत नाही.

करायचं म्हटलं तर होतं. सिक्कीममध्ये लाचेन नावाचं डोंगरातलं गाव आहे, पर्यटकांच्या वाटेवरचं. त्यांनी 2012 मध्येच गावात पाण्याची बाटली बंद केली, आणि 1 जानेवारी 2022 पासून अख्ख्या राज्यानं. तिथे झरे आहेत, आपल्याकडे बोअर आहेत, फरक मोठा आहे, मान्य. पण आपल्याकडेही पाणपोई होती, रांजण होते, वाळ्याची जुडी टाकलेले माठ होते. एसटी स्टँडवर आज 'नाथजल' मिळतं. नाव ऐकलं की पैठणचे नाथच आठवतात. काशीहून रामेश्वराला निघालेली कावड त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली होती. किती मिली, ते कुठे लिहिलेलं नाही.

आता माझ्या बाजूची अडचणही सांगतो, नाहीतर तुम्हीच सांगाल. ग्लास धुवायला पाणी लागतं. मी मोजलंय. तीन घमेल्यांत धुतो: पहिल्यात राख किंवा साबण, दुसऱ्यात विसळ, तिसऱ्यात स्वच्छ. दीडशे ग्लासांमागे पाणी बदललं तर ग्लासाला अर्धा लिटर पडतं. हजार माणसांना पाचशे ते साडेसातशे लिटर. म्हणजे बाटलीतल्या चारशे लिटरपेक्षा जास्तच. पण बाटलीही कोरडी जन्माला येत नाही. आरओ मशीन पाणी गाळताना काही पाणी टाकून देतं, प्लास्टिक बनवतानाही पाणी लागतं. अमेरिकेतल्या पॅसिफिक इन्स्टिट्यूटचा जुना अंदाज आहे की एक लिटर बाटलीच्या पाण्यामागे सगळं धरून तीन लिटर पाणी खर्ची पडतं. त्यांच्याच शास्त्रज्ञांनी 2009 मध्ये हिशेब मांडला, की बाटलीचं पाणी तयार करून पोचवायला नळाच्या पाण्याच्या दोन हजार पटीपर्यंत ऊर्जा लागते. तो हिशेब तिकडचा आहे, आपला थोडा वेगळा येईल. तेव्हा मी "ग्लासांनी पाणी वाचतं" असं छातीठोक म्हणत नाही. पाण्याची बरोबरी होते एवढंच म्हणतो. धुतलेलं पाणी कार्यालयाच्या झाडांना घालता येतं, आणि प्यायचं पाणी जेवढं ओतून घेतलं तेवढंच संपतं. दुष्काळाचं वर्ष आलंच, तर मी पुन्हा सांगेन, ग्लास नेऊ नका.

बाकी हिशेब सरळ आहे. ग्लासांचं भाडं हजार रुपये. धुवायला चार बाया, पाचशे रुपये रोजानं दोन हजार. सीलबंद जार तीस, नऊशे रुपये. आणि जार घेताना परवान्याचा नंबर बघून घ्या, कारण नुसतंच गार करून बिनसीलच्या जारमध्ये भरलेलं पाणी कुणी तपासलेलं असेलच असं नाही. झाले 3,900. नऊ हजारांतले पाच हजार उरले, आणि दोन हजार गावातल्या बायांच्या हातात गेले. मागच्या अंगणात बसून पाणी ओतण्यापेक्षा पुढच्या अंगणात बसून ग्लास धुणं त्यांनाही बरं वाटेल. मी विचारलंय.

पण खरी अडचण पैशाची नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. खरी अडचण इभ्रतीची आहे. गेल्या वर्षी माझ्या पुतणीचं लग्न होतं. मी भावाला म्हटलं, बाटल्या नकोत. तो घाबरला. "दादा, तिकडची माणसं काय म्हणतील? पाणीसुद्धा बाटलीचं दिलं नाही म्हणतील." मुलीच्या बापाची ही भीती खोटी नाही. मानपानाच्या याद्यांतून तो आधीच अर्धा झालेला असतो. शेवटी मी आणि मुलाचे वडील, दोघं बसून बोललो. ते एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर. म्हणाले, "आमच्याकडून काही नाही, फक्त पाणी गार असू द्या." पंगतीच्या चार कोपऱ्यांना नळाची पिंपं ठेवली, प्रत्येक पिंपापाशी एक पोरगा. रांगेतून जगनं पाणी वाढायला पुतण्याचे मित्र होते. म्हाताऱ्या माणसांना बाटलीचं टोपण उघडत नाही, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, कारण एक आजी ग्लास हातात घेऊन म्हणाल्या, "बरं झालं बाबा, टोपणाला दात लावायचे राहिले नाहीत आता." दोन बायका कुजबुजल्या, की खर्च वाचवला. वाचवलाच होता. नऊशे नव्याण्णव माणसं जेवून गेली, तीन ग्लास हरवले, आणि मागच्या अंगणात काही ओतायला नव्हतं.

तेव्हा मागणी अशी. कार्यालयवाल्यांनी आपल्या पॅकेजमधून बाटली काढून टाकावी. ज्याला हवी त्यानं वेगळी मागावी आणि वेगळे पैसे द्यावेत. 'फुकट' आहे म्हणूनच दोन-दोन उचलल्या जातात. हौदाशेजारी एक चांगलं फिल्टर बसवा, त्याच्या पाण्याची तपासणी वर्षातून एकदा सरकारी प्रयोगशाळेत करून घ्या आणि तो कागद दारात लावा. मग जारही लागणार नाहीत. केटररनी ताटांबरोबर ग्लासाचा दर लिहावा. वरपित्यांनी साखरपुड्यातच सांगून टाकावं, पाणी साधं चालेल. हे वाक्य मुलीच्या बापाच्या तोंडी शोभत नाही, तुमच्या तोंडी शोभतं. आणि ज्यांना बाटलीशिवाय अगदीच चालणार नाही त्यांनी निदान एक लिटरची घ्यावी आणि पंगतीत चौघांत एक ठेवावी. दोनशे मिलीची मात्र नको.

माझेच ग्लास घ्या असं नाही. प्रत्येक तालुक्यात माझ्यासारखा एक बिछायतवाला आहे, आणि त्याच्याकडेही पोत्यांत बांधलेले असतील. मी माझी पोती दिवाळीतच पुन्हा सोडली. बाराशेपैकी अकराशे बेचाळीस निघाले, चिंच लावून घासून ठेवलेत. तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखा कळवा. ग्लासांवर वडिलांचं नाव आहे, एखादा तुमच्याकडे राहिला तरी चालेल.

आपला,
एक बिछायतवाला